रस्त्याखालचा रहाट

आज गळतीसाठी रस्ता खणताना ओल्या चिऱ्याचा वास आला आणि बाबीकाका आठवले. वेंगुर्ल्यात मी पाणीपुरवठ्यात नवीन लागलो, तेव्हा ते आमचे जुने फिटर होते. लोखंडी सळी रस्त्याला टेकवून, तिला कान लावून ते गळती शोधत. एका दुपारी त्यांनी सळी माझ्या हाती दिली. मी कान लावला, तर खाली रहाट कुरकुरत होता. मग कळशी बुडाली.

मी सांगताच ते रस्त्यावरच बसले.

"हंय बाव होती रे. ती बुजवन रस्तो केलो. माका वाटलां, ह्यां माकाच आयकाक येता."

त्यांचे डोळे भरून का आले, ते तेव्हा कळलं नाही. आता प्रत्येक नव्या माणसाला मी त्या बुजवलेल्या विहिरीच्या जागी आणतो, सळी देतो आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहतो. अजून कोणीच काही बोललेलं नाही.