ताईचा समुद्र

माझ्या थोरल्या बहिणीचं, शालिनीताईचं, जे काही व्हायचं ते समुद्रावर होणार, ही भीती मी अर्धं आयुष्य बाळगली. ती गेली ती मात्र कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, खुर्चीत बसल्या बसल्या, एक तास घेऊन झाल्यावर आणि दुसरा सुरू व्हायच्या आधी. तिच्याबरोबर प्राणिशास्त्र शिकवणारे एक सर मला सांगायला माझ्या ऑफिसात आले. दारातच घुटमळले. त्यांचा चेहरा बघूनच मी उठलो. "मिलिंद, जरा बाहेर चला," एवढंच ते म्हणाले. जिना उतरताना मी विचारलं, "आज कुठं गेली होती का ती?" "कुठंच नाही हो... इथंच होत्या." महिना उलटून गेला, पण त्यांचं ते 'इथंच' अजून कानातून जात नाही.

आम्ही औरंगाबादच्या मुकुंदवाडीचे. वडील कारखान्यात होते, आई घरी शिवणकाम करायची. ताईला लहानपणी सांध्यांचा ताप आला आणि त्यात हृदयाची एक झडप खराब झाली. तेव्हापासून घरात तिच्या श्वासाकडं सगळ्यांचं लक्ष असायचं. जिना चढून आली की आई मशीन थांबवायची आणि तिच्या ओठांकडं बघायची. ओठ निळसर दिसले की मला धाकट्याला पाणी आणायला पिटाळायची. बघण्याची ही सवय आईकडून माझ्याकडं आली आणि शेवटपर्यंत सुटली नाही. अशा या मुलीला समुद्राचं वेड लागलं ते पैठणला. हिवाळ्यात वडील आम्हाला तिथल्या नाथसागर धरणावर न्यायचे. तिथं पाण्यावर पांढरे कुरव पक्षी तरंगताना दिसायचे. हे समुद्राकडचे पाहुणे, असं वडील म्हणाले, तर ताईनं विचारलं, "मग यांचं घर कोणतं? इथलं की तिथलं?" पुढं एम.एस्सी. झाल्यावर तिनं संशोधनासाठी समुद्रपक्षी निवडले, तेव्हा आई कपाळाला हात लावून म्हणाली, "औरंगाबादेत कुठला आलाय समुद्र, शालू?"

तिचा अभ्यास दोन पक्ष्यांचा होता. दोघंही सुरय जातीचे, पाठीनं काळपट, पोटानं पांढरे, शेपटी कातरलेली. लांबून बघणाऱ्याला जुळे भाऊच वाटतील. आम्हाला कळावं म्हणून तिनं त्यांना घरगुती नावं ठेवली होती. पाठ अगदी काळीकुट्ट असलेला तो काजळ्या, आणि कपाळावरचा पांढरा पट्टा डोळ्याच्या मागंपर्यंत ओढलेला असतो तो भिवया. दोघंही मासळीच खातात, एकाच अरबी समुद्रावर राहतात, आणि तरी एकमेकांच्या तोंडचा घास काढत नाहीत. हे कसं, हा तिचा प्रश्न होता. भिवया कोकणच्या खडकाळ बेटांवर अंडी घालतो, किनाऱ्यापासून फार लांब जात नाही, वाहत्या शेवाळाखाली लपलेली बारीक मासळी टिपतो आणि दमला की एखाद्या तरंगत्या ओंडक्यावर बसतो. काजळ्या खोल समुद्राचा. खालून मोठे कुपे मासे बारीक मासळीला वर रेटतात, तेव्हा हा वरून ती उचलतो. त्याचे पंख लवकर भिजतात म्हणून तो पाण्यावर टेकत नाही. पिल्लू एकदा बेट सोडून उडालं की वर्षानुवर्षं हवेतच राहतं. ताईनं हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली होती, "म्हणजे दोघी जावांसारखं. एकीनं घर बघायचं, एकीनं शेत." ताई इतकी हसली की तिला धाप लागली, आणि आम्ही दोघं पुन्हा तिच्या ओठांकडं बघायला लागलो.

अभ्यासासाठी ती बोटीनं जायची, तेव्हा आमच्या घरात कुणी धड जेवायचं नाही. समुद्रात रेंज नसते, हे मला माहीत होतं. तरी मी हवामानाच्या बातम्या लावून बसायचो. अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा, असं कुणी नुसतं म्हटलं तरी मी तिला फोन लावत सुटायचो. लग्न तिनं केलं नाही, आईवडील गेल्यावर ती माझ्याकडंच वरच्या मजल्यावर राहायची. पुढं झडपेचा त्रास वाढला आणि डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं, शिकवा, फिरा, पण बोट बंद. तिनं ऐकलं. मला केवढा आनंद झाला होता... तिला किती जड गेलं असेल, हे तिनं कधी बोलून दाखवलं नाही.

तीनेक वर्षांपूर्वीची गोष्ट. दसरा तोंडावर होता. समुद्रात वादळ होऊन गेलं होतं आणि आमच्याकडंही दोन दिवस सोसाट्याचा वारा सुटला होता. सकाळी दारात बिडकीन गावची पूजा उभी, ताईची विद्यार्थिनी. सोबत तिची आई, आणि आईच्या हातात लुगड्याच्या तुकड्यानं झाकलेली टोपली. "म्याडम, आमच्या तुरीत पडलं होतं हे," पूजाची आई म्हणाली. "कबुतर नाय, टिटवी नाय. लई येगळंच हाय. ज्वारी टाकली, तर बघत बी नाय." ताईनं कापड उचललं आणि तशीच खाली बसली. टोपलीत चिखलानं माखलेला एक सुरय होता. वाऱ्यानं घाटाच्या या बाजूला आणून टाकलेला.

डोक्यावर चिखल वाळून चिकटला होता, अंगही मातकट झालं होतं, त्यामुळं काजळ्या की भिवया ते कळेना. ताई मला म्हणाली, "भिवया असला तर किनाऱ्यावरून सोडलं तरी चालेल. काजळ्या असला तर मात्र आत न्यावा लागेल. एवढा अशक्त झालाय, किनाऱ्यावरून त्याच्या पाण्यापर्यंत पोचणार नाही." आत म्हणजे बोटीनं. तिनं कोमट पाण्यात कापूस बुडवला आणि पक्ष्याचं कपाळ हळूहळू पुसायला घेतलं. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होतो. पांढरं दिसायला लागलं. ते डोळ्याच्या मागं जावं, एवढंच मी मनात घोकत होतो. जा, अजून थोडं मागं जा... पण पांढरं डोळ्यापाशीच संपलं. त्याच्या मागं सगळं काळं.

"काजळ्या," ताई म्हणाली. तिचा आवाज इतका कोवळा झालेला मी कधी ऐकला नव्हता.

बाजारातून मांदेली आणली. तो स्वतःहून खाईना, तेव्हा तिनं चोच उघडून एकेक मासळी आत सरकवली. वनखात्याला कळवलं, कोकणातल्या एका ओळखीच्या तांडेलाला, म्हणजे मासेमारी बोटीच्या मुख्य माणसाला, तयार ठेवलं. मी म्हणालो, "मी घेऊन जातो. तू नको." "तू सोडशील रे, पण कुठं सोडायचं ते तुला दिसणार नाही." "अन् तुला काही झालं तर?" तिनं पक्ष्याला भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवलं. मग म्हणाली, "मिलू, डॉक्टरांनी सांगितलंय ते मला पाठ आहे. मी घाबरले नाही असं समजू नकोस." मी गाडी काढली.

अख्ख्या प्रवासात खोकं तिच्या मांडीवर होतं. आत खरवडल्याचा आवाज आला की वाटायचं, पंख मोडून घेतोय. आवाज थांबला की वाटायचं, संपलं. ताई मधूनच खोक्याला कान लावायची, आणि मी आरशात तिच्याकडं बघायचो. दुसऱ्या दिवशी उजाडताना बोट निघाली. आयुष्यात पहिल्यांदा मी समुद्रावर होतो आणि पहिल्याच लाटेला मला उलटी झाली. तांडेल म्हणाला, "दादा, पाण्याकडं नको, लांब बघा." मी मात्र ताईकडंच बघत होतो. तिच्या गोळ्या माझ्या शर्टाच्या खिशात होत्या, त्या सारख्या चाचपत होतो.

बंदराजवळ कुरव बोटींच्या मागं लागून टाकलेली मासळी उचलत होते. पुढं शेवाळाचे पट्टे लागले, आणि एका वाहत्या फळीवर दोन पक्षी शेजारी शेजारी बसलेले दिसले. "भिवये," ताई म्हणाली. "बघ, इथंच थांबतात." मी म्हणालो, "मग इथंच सोडू ना त्याला!" तिनं मान हलवली. नंतर किनारा दिसेनासा झाला. ताईचा श्वास तोकडा पडायला लागला. दोन शब्द बोलली की थांबायची. मी तांडेलाला बोट वळवा म्हणणार, एवढ्यात लांबवर पाणी उकळल्यासारखं दिसलं. खाली कुपे होते, आणि वर काळ्या पाठींचे पक्षी घिरट्या घालत होते, ओरडत होते. ताई खोक्यासकट उठली. मी तिचा दंड घट्ट धरला.

तिनं पक्ष्याला दोन्ही हातांनी वर धरलं आणि सोडलं. तो सरळ खाली गेला, पाण्याच्या दिशेनं. मला वाटलं, झालं, बुडाला. भिजला तर पुन्हा उठणार नाही, हे आता मलाही माहीत होतं. ताईची बोटं माझ्या मनगटात रुतली. लाटेच्या अगदी वर त्यानं पंख ताणले, थोडा वेळ तसाच घसरत गेला, मग उचलला गेला आणि त्या घोळक्यात शिरला. मी विचारलं, "त्यातला आपला कोणता?"

"आता ओळखू येत नाही," ती म्हणाली. "बरं झालं."

परत आल्यावर ती आठवडाभर दवाखान्यात होती. डॉक्टर माझ्यावर ओरडले, तिच्यावर ओरडले. तो पक्षी जगला का, हे मी तिला खाटेवर असतानाच विचारलं. "माहीत नाही," ती म्हणाली, "कळायचा काही मार्गही नाही," आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. पण त्यानंतर ती चांगली तीनेक वर्षं शिकवत राहिली, रागावत राहिली, आणि शेवटच्या सकाळी मला म्हणाली, "भेंडी आणू नकोस, चिकट झाली होती." आमचं शेवटचं बोलणं ते.

आता तिचा मोबाइल माझ्या टेबलावर असतो. बंद करायला हवा, असं बायको म्हणते. माझ्याच्यानं होत नाही. कुठं पक्षी पडलेला सापडला की गावोगावचे लोक याच नंबरवर तिला विचारायचे, आणि ती काय सांगते ते ऐकून ऐकून मलाही पाठ झालं होतं. गेल्या आठवड्यात तो वाजला. पिशोर गावाहून कुणी बाई बोलत होत्या. "म्याडम हायेत का? घुबडाचं पिल्लू पडलंय खाली, कावळे लई तरास देऊ लाग्लेत." ताई नाही, हे शब्द तोंडापर्यंत आले होते... पण पिल्लू खाली होतं आणि कावळे वर. मी म्हणालो, "मी त्यांचा भाऊ. आधी त्याला खोक्यात ठेवा, वर कापड टाका. पाणी पाजू नका." "व्हय, व्हय," बाई म्हणाल्या आणि फोन न ठेवताच धावल्या. त्यांच्या चपलांचा आवाज, कावळ्यांची काव काव, कुणाला तरी मारलेली हाक, सगळं ऐकू येत होतं. पिल्लाचं काय झालं ते कळेना. मी फोन कानाला लावून तसाच उभा राहिलो.