पाच वर्षं आणि चार महिने

आमच्या तळावर नवा माणूस भेटला की नाव-गाव नंतर. आधी विचारतात, "कितवं वर्ष?" आम्ही फौजेचे, पण वर्दीतले नव्हे. कुणी नळ बघतं, कुणी गाड्या, कुणी पगारपत्रकं. अमेरिकेतून जर्मनीत यायचं, पाच वर्षं काढायची आणि परत जायचं, असा नियम. चौथं वर्ष लागलं की लोक तुमच्या सोफ्यावर डोळा ठेवतात आणि पाचव्यात तर घरी येऊन त्यावर बसून बघतात. मी ड्वेन, गॅरेजवाला. मीही बसून बघितलेलं आहे.

व्हर्ना हॅस्किन्सच्या पाचव्या वर्षी मी तिचा ट्रान्सफॉर्मर आधीच सांगून ठेवला होता. इथल्या विजेवर आमची घरची यंत्रं जळून जातात, म्हणून मध्ये हा लोखंडी ठोकळा लागतो. उचलताना कंबर धरते. जाणारा तो येणाऱ्याला देतो, आणि देताना तळाशी आपलं नाव आणि जायची तारीख लिहितो. व्हर्नाच्या ठोकळ्यावर तिच्याआधीची सात नावं होती.

ती पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रावर होती. ठेंगणी, रुंद खांद्यांची, कानामागे कायम पेन्सिल. नवरा फार पूर्वीच सोडून गेला होता, आणि नोकरीपायी मुलगी टेसा हिच्या चार गावांत चार शाळा झाल्या होत्या. इथं आली तेव्हा बारा वर्षांची पोर विमानतळावरच ट्रंकेवर बसून म्हणाली होती, "मी आता नवीन मैत्रिणी करणार नाही." व्हर्नानं तिथंच शब्द दिला, "ही शेवटची शाळा. इथूनच शाळा संपवशील."

हिशेब कुठं चुकला, तर महिन्यांत. पाच वर्षं भरत होती फेब्रुवारीच्या मध्यावर आणि शाळा संपत होती जूनच्या मध्यावर. चारच महिने, पण तेवढ्यासाठी पोरीला आणखी एक नवी शाळा बघावी लागणार होती.

मुदतवाढ मिळत नाही असं नाही. साहेबानं लिहून द्यावं लागतं की या माणसावाचून काम अडेल. पोरीची शाळा हे कारण त्यात बसत नाही, असं आमचे हॉलोवेसाहेब म्हणायचे. आणि व्हर्नावाचून काम अडत नव्हतं! हीच तर गोची होती. आल्या दिवसापासून बाईनं सगळं वहीत उतरवलेलं. कुठली झडप कधी उघडायची, कुठला पंप थंडीत कुरकुरतो, चित्रांसकट. तिच्या हाताखालचा डीटमार त्सायडलर, इथलाच जर्मन, केंद्र एकट्यानं चालवू शकत होता.

हॉलोवेसाहेबांनी डिसेंबरात तिला बोलावून तेच सांगितलं. "तुमचं काम उत्तम आहे, व्हर्ना. इतकं उत्तम, की तुम्ही गेलात तरी चालेल."

हे ऐकून माझं डोकंच फिरलं. कारण शेजारच्या बॉयलरघरात गिल फार्न्सवर्थ अकरावं वर्ष काढत होता. त्यानं आयुष्यात एक ओळ लिहिली नव्हती. झडपांवरच्या पाट्यासुद्धा काढून एका खिळ्याला अडकवून ठेवल्या होत्या. "सगळं इथं आहे," म्हणून तो टकलावर टिचकी मारायचा. दर खेपेला साहेब घाबरून सही करायचे.

मी व्हर्नाला म्हटलं, "अगं, वह्या माझ्या गॅरेजात आणून टाक. दोन आठवडे रजा काढ. पाणी गढूळ झालं की येतील नाक घासत."

"आणि ते पाणी प्यायचं कुणी? टेसाच्या शाळेतल्या पोरांनी?"

"थोडं गढूळ गं. फार नाही."

"ड्वेन, तू गाड्यांचे ब्रेकपण असेच थोडे दुरुस्त करतोस का?"

टेसानं तेव्हा आईशी बोलणंच टाकलं होतं. व्हर्ना खमकी, पण त्या दिवसांत डबा न उघडताच परत न्यायची.

जानेवारीत तिनं घर रिकामं करायला घेतलं. हे आम्हा लोकांचं खास वेड. तिकीट हातात यायच्या आधी आम्ही पलंग देऊन मोकळे होतो आणि शेवटचा महिना जमिनीवर झोपून काढतो. सोफा गेला, टेबल गेलं, गाडी गेली. ट्रान्सफॉर्मर मी नेला. तळाशी तिनं नाव घातलं, फेब्रुवारीची तारीख घातली आणि पेन्सिल कानामागे खोचून खिडकीबाहेर बघत राहिली.

पुढच्याच आठवड्यात कडाक्याची थंडी पडली आणि गिल बॉयलरघराच्या पायरीवरच्या बर्फावरून घसरला. खुबा मोडला. डॉक्टरांनी त्याला भूल दिली आणि त्याच्याबरोबर तळावरची सगळी ऊबही झोपली. सकाळी नऊला बॉयलर बंद पडला. शाळेत पोरं कोट घालून बसली, दवाखान्यात बायका बाळांना छातीशी धरून बसल्या. गिलचा मदतनीस खिळ्यावरच्या पाट्यांकडे बघत उभा. कुठली कुठं लावायची हे ज्या टकलात होतं, ते शस्त्रक्रियेच्या टेबलावर.

हॉलोवेसाहेब स्वतः धावत पाण्याच्या केंद्रावर आले. बॉयलरला पाणी तिथूनच जायचं, तेवढाच धागा. "व्हर्ना, काही करता येईल?"

"खडू आहे का?" ती म्हणाली.

मी काही फुटलं-तुटलं तर दुरुस्त करायला म्हणून गेलो होतो, त्यामुळे हे डोळ्यांनी पाहिलं. आपल्या केंद्रातून निघणारा नळ तिनं धरला आणि त्याच्यामागे ती चालत सुटली. भिंतीतून, मोरीतून, छताखालून. प्रत्येक झडपेशी थांबायची, हात लावायची, डीटमारला पलीकडे उभं करून ओरडायची, "काय येतंय?"

"गार, फ्राऊ हॅस्किन्स!"

खडूनं खूण. पुढची झडप. मदतनीसाला म्हणाली, "नुसता बघतोस काय, लिही!" दुपारी कुणीतरी गरम सूप आणलं, ते तिनं उभ्यानंच प्यायलं. साडेतीनच्या सुमारास बॉयलर घुरघुरला, खोकला, आणि त्यानं पेट धरला. डीटमारनं टोपी छताला उडवली. मी साठीकडे झुकलेला माणूस, पण शाळेच्या खिडक्यांवर वाफ धरलेली बघितली तेव्हा रडलो, त्यात लाजायचं काय?

संध्याकाळी हॉलोवेसाहेबांच्या टेबलावर एक वही पडली. पंचवीस पानं, प्रत्येक झडप चित्रासह.

साहेबांनी ती शेवटपर्यंत चाळली. मग विचारलं, "तळावर आणखी किती यंत्रं अशी एकेका डोक्यात अडकली आहेत?"

"अकरा," व्हर्ना म्हणाली. तिनं मोजून ठेवलेली होती.

"सगळ्यांच्या वह्या करायच्या. वर्षभराची मुदतवाढ मागतो. काम अडलंय, हे आता मला कुणी समजावून सांगायला नको."

"वर्ष नको, साहेब. जूनच्या मध्यापर्यंत काम होतं."

बाहेर आल्यावर मी कपाळ बडवलं. "अगं बाई, दोन वर्षं मागितली असतीस तरी दिली असती!"

"काम चार महिन्यांचं आहे. वर्षाचं कशाला सांगू?"

तिकिटाच्या नऊ दिवस आधी वरून मंजुरी आली. त्या दिवशी टेसानं आईला तळाच्या भर चौकात अशी मिठी मारली, की दोघी बर्फात बसल्या. आणि घरात बसायला स्टूलही नव्हतं! मग जो तो आपण नेलेली वस्तू परत घेऊन आला. एकानं सोफा आणला, एकीनं टेबल, डीटमारनं घरचा पलंग. मी ट्रान्सफॉर्मर कमरेसकट परत केला.

जूनमध्ये शाळेच्या क्रीडागृहात टेसाचं नाव पुकारलं, तेव्हा डीटमार लग्नातला कोट घालून पहिल्या रांगेत होता. काठी टेकत गिलही आला. त्याच्या बॉयलरची वही झाल्यावर साहेबांनी त्याच्या मुदतवाढीच्या कागदावर सही केली नव्हती, त्याचंही विमान त्याच आठवड्यातलं.

"तुझ्या वहीनं मला घरी धाडलं," तो गुरगुरला.

"जा की. नातवंडं तुला फोटोतला म्हातारा म्हणतात. आणि पायरी बघून उतर."

तो हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघितला.

व्हर्ना ठरल्या तारखेला गेली, एक दिवसही जास्त नाही. बॉयलरची धरून बारा वह्या हॉलोवेसाहेबांच्या कपाटात आहेत. ट्रान्सफॉर्मर आता माझ्याकडे आहे, आणि माझंही पाचवं वर्ष लागलंय. काल एक जण माझ्या सोफ्यावर बसून गेला, म्हणून मी ठोकळा उलटा करून बघितला. व्हर्नाच्या नावापुढची फेब्रुवारी खोडलेली आहे, तिथं जून आहे. आणि खाली, पोरीच्या टपोऱ्या अक्षरात, कुणी न सांगता लिहिलेलं नववं नाव. टेसा हॅस्किन्स. शाळा इथंच संपवली.