दत्ताच्या हातातला ग्लास

२१ डिसेंबर.

दत्ता दारूने गेला नाही.

एवढं एक वाक्य लिहायला मला वर्ष लागलं. या वर्षात इथे, माझ्या पानावर, एक ओळही लिहिली नाही. काहींनी मेसेज करून विचारलं, त्यांनाही उत्तर दिलं नाही. माफ करा.

मानवतच्या आमच्या कॉलेजात दत्ता केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये असिस्टंट होता, मी लायब्ररीत. अठरा वर्षं एकत्र डबा खाल्ला.

दारू त्याने जायच्या अकरा वर्षं आधीच सोडली. त्याआधी प्यायचा, चांगलीच प्यायचा. मुलगी मयुरी तेव्हा सहावीत होती.

सोडली म्हणजे सोडली. शपथ नाही, गाजावाजा नाही.
फक्त मित्रांच्या बैठका सोडल्या नाहीत.

आम्ही धाब्यावर बसलो की हाही यायचा, स्वतःची पिशवी घेऊन. गाळणी, काळं मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड. आणि लॅबमध्ये असतो तसला मेजरिंग सिलिंडर, खास यासाठी विकत घेतलेला.

अंबाडीची लाल बोंडं गुळात उकळून गार केलेली, वर आल्याचा रस आणि सोडा. कवठाचा गर, त्यात उभी चिरलेली हिरवी मिरची. ग्लासच्या काठाला लिंबू फिरवून तिखट-मीठ.

परभणीला हॉटेलात गेलो की मेनूकार्डातलं सगळ्यात महागडं मॉकटेल मागवायचा. एक घोट घ्यायचा. मग वेटरला हाक.

"मालक, ही नुसती साखर हाय. दोन लिंबं आणा, अन् बर्फ जरा बारीक फोडून आणा. मी दाखवतो."

वेटर हसत आणायचे. पुढच्या वेळी तेच विचारायचे, "सर, आज काय करायचं?"

प्रत्येक ग्लासचा फोटो. प्रत्येक फोटोची पोस्ट.
खाली आमच्या कॉमेंट. "आज कोणती?" "हळू घ्या राजे."
त्यातल्या तीन माझ्या आहेत. काल जाऊन मोजल्या.

एकदा मी त्याला म्हणालो, एवढा थाट कशाला? साधं पाणी पी की.

"पाण्याचा ग्लास घेऊन बसलो ना, तर समदे मागं लागतेत. एकच घे, माझ्यासाठी घे. रंगीत ग्लास दिसला की गप बसतेत."

"आणि बघणाऱ्यांना काय वाटेल?"

"तू हायस की सांगायला."

मागच्या वर्षी आजच्या दिवशी प्रॅक्टिकल चालू असताना तो लॅबमध्येच कोसळला. हार्ट अटॅक. वय अठ्ठेचाळीस.

स्मशानात लाकडं रचून व्हायच्या आत निकाल लागला होता.
"प्यायचाच ना तो. जवा बघावं तवा हातात ग्लास."
बोलणारा आमच्याच बैठकीतला. त्याला घरी सोडायला कितीदा तरी दत्ताच गेला होता, कारण शुद्धीवर दत्ताच असायचा.

मी शेजारी उभा होतो. ही वेळ नाही, असं स्वतःला सांगितलं.

मग फेब्रुवारीत एक फोन आला.

मयुरीला स्थळ आलं होतं. वडील गेले की वर्षाच्या आत लग्न करायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, अशी आमच्याकडची रीत. मुलाकडचे चौकशी करत होते. देवगाव फाट्यावरून मुलाचे मामा बोलत होते.

"सर, पोरगी आमाला पसंत हाय. एकच विचारायचं होतं. बाप पिऊन गेला म्हणतेत. खरं का? तुमी जवळचे. तुमी म्हणाल ते खरं धरतो."

मी काय उत्तर दिलं, ते मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"अकरा वर्षांत मी त्यांना पिताना पाहिलेलं नाही. पण चोवीस तास मी काही त्यांच्यासोबत नव्हतो."

मामा म्हणाले,
"बरं बरं. समजलं सर."

पहिलं वाक्य खरं होतं. दुसरंही खरं होतं. जे पाहिलं नाही त्याची खात्री द्यायची नाही, ही माझी जुनी सवय. फोन ठेवल्यावर मला स्वतःच्या काटेकोरपणाचं थोडं कौतुकही वाटलं. हेही लिहून ठेवतो.

पण मला माहीत होतं.
अकरा वर्षं माझा ग्लास बाजूला ठेवून त्याच्या ग्लासातला घोट मीच मागून घेत आलो होतो. कधी पिशवीतून, कधी त्याच्या घरच्या फ्रीजमधून. कशातच दारूचा थेंब नव्हता.

स्थळ मोडलं. नंतर आणखी दोन आली. चौकशी करून तीही परत गेली.

आज त्याचं वर्षश्राद्ध झालं. पंगत उठल्यावर मी सुनंदावहिनींना, दत्ताच्या बायकोला, त्या फोनचं सगळं सांगितलं. वाटलं होतं, रडतील. किंवा म्हणतील, जाऊ द्या भाऊजी.

त्या पत्रावळ्या गोळा करत होत्या. हात थांबला नाही.

"मला कायला सांगायलाव भाऊजी? मी वळखत नव्हते का त्यांना?"

त्यांनी पुढची पत्रावळ उचलली.

"जिथं बोललाव तिथं जाऊन सांगा."

"त्या मुलाचं तर वैशाखात लग्न झालं, वहिनी."

"माझ्या पोरीचं न्हाई झालं. आता तीन वर्षं भरस्तोवर होणार न्हाई. तिकडून बोभाटा झालाय, तिकडं जाऊनच मिटवा."

मयुरी आतल्या दारात उभी होती. एरवी चहा घेतल्याशिवाय सोडत नाही मला. आज नुसती बघत राहिली.

म्हणून हे इथे लिहितोय. खाली हात जोडलेले इमोजी टाकू नका. त्या बैठकांना तुमच्यापैकी सात-आठ जण होते. तुम्हाला जे माहीत आहे ते लिहा, आपल्या नावानिशी.

दत्ता, तू शुद्धीत जगलास आणि शुद्धीत गेलास. शेवटचा नमस्कार, उशिराने.

उद्या: मानवतहून पहिल्या एसटीने देवगाव फाटा. मामांना समोर बसून सांगायचं, चार माणसांत.