साळवीसाहेबांच्या पैजा

साळवीसाहेबांना मी तीन रविवार मुद्दाम जिंकू दिलं होतं.

आज पहाटे ते गेले. म्हणून हे लिहितोय.

चाकणच्या कंपनीत ते क्वालिटीचे हेड, मी त्यांच्या हाताखाली. परदेशी कस्टमर गोल्फ खेळतात म्हणून आम्हा दोघांना शिकायला पाठवलं. ते कस्टमर गेले, आमचा रविवार राहिला.

पैजा ही त्यांचीच कल्पना. ज्याला जे जमत नाही, त्यावरच पैज; जमलं तर तो जिंकला, नाहीतर दुसरा.
त्यांचा बॉल मैदानातल्या वाळूच्या खड्ड्यातून निघायचा नाही. माझा होलपासून चार फुटांवर हात आखडायचा.
हरणाऱ्याने नळावर दोघांच्या स्टिक धुवायच्या.

वर्षभर बहुतेक मीच धुतल्या.
"राव, आता ब्रश घरूनच आणत जा."
हळूहळू माझा हात सुटला.

मग त्यांना पार्किन्सन झाला. मी चार फुटांवरून बॉल मुद्दाम चुकवू लागलो.
मैत्री म्हणून की कीव म्हणून, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

तिसऱ्या रविवारी ते म्हणाले, "तुमचा बॉल चुकला की डावीकडे जातो. हे तिन्ही उजवीकडे गेले."
मी ब्रश घेऊन नळाकडे निघालो.
"तीस वर्षं रिजेक्शन बघितलंय मी. झालेला डिफेक्ट आणि केलेला डिफेक्ट कळतो मला. पैज बंद."

दोन महिने नुसते खेळलो. ते "छान" म्हणायचे, मी "छान" म्हणायचो. परतताना गाडीत चिखलीपर्यंत रेडिओ.
हा माणूस आता आपल्याशी असाच वागणार, याची मला भीती वाटू लागली.

शेवटी मीच विचारलं, "साहेब, लावायची का?"
"खरी?"
"खरी."

चार फूट. बॉल आत गेला.

ते नळावर बसले. अर्धा तास लागला. ब्रश दोनदा हातातून पडला. मी उचलला नाही.
जाणारा एकजण मला म्हणाला, "अहो, त्यांना काय कामाला लावलंय?"
साहेबच म्हणाले, "हरलोय मी. तुम्ही जावा."
परतताना रेडिओ लावला नाही. चिखलीपर्यंत ते माझा उभं राहायचा स्टान्स कसा चुकतो तेच सांगत होते.

त्यानंतर सात पैजा झाल्या. सहा मी जिंकलो.
एक त्यांनी. हात थरथरत होता, तरी वाळूतून एका फटक्यात बॉल बाहेर. मी लांब उभा होतो.

वहिनी, साहेबांनी घरी येऊन हे सांगितलं असेल आणि तुम्हाला शंका आली असेल, तर सांगतो. ती पैज त्यांनीच जिंकली.

साहेब, मनापासून नमस्कार.