बसली

परवा बिल्डिंगमधल्या हळदीकुंकवाला अत्तराच्या वासातून बामचा वास आला आणि मला घाटकोपरच्या आमच्या डान्स क्लासची गार लादी आठवली. स्पर्धेसाठी आम्ही पोरी तिथे स्प्लिट शिकायचो. पाय दोन्ही बाजूंना फाकवत मांड्या जमिनीला टेकल्या की सगळ्या ओरडायच्या, "बसली!" सगळ्या बसल्या होत्या, माझी मैत्रीण तेवढी वीतभर वर राहायची. सर रोज बजावायचे, "आधी अंग गरम करा, गुडघे छताकडे ठेवा, सांध्यात कळ आली की तिथेच थांबा." त्या दिवशी सर अजून यायचे होते, स्पर्धा चार दिवसांवर आली होती आणि ती म्हणाली, "तू दाब गं, मी ओरडले तरी सोडू नको." मी तिच्या मांड्यांवर हात ठेवून अंगाचा सगळा भार टाकला. तिचा उजवा गुडघा पुढे कलंडलेला मला दिसत होता. ती "थांब, थांब ना" म्हणाली. मी सोडलं नाही. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा आवाज आला, ती खाली गेली आणि पोरींनी टाळ्या पिटल्या, "बसली रे, बसली!" ती ओरडलीसुद्धा नाही, माझं मनगट घट्ट धरून राहिली. परवा सगळ्या बायका सतरंजीवर होत्या आणि ती भिंतीला टेकून उभी होती, त्याच बामच्या वासात. कुणीतरी म्हणालं, "अगं, बस ना खाली." माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "बसले होते की एकदा."