पाचवी ओळ

मालिशच्या तेलाचा उग्र वास आला की मला मुकुटबनमधलं मित्राचं घर आठवतं. तो मोटारसायकली दुरुस्त करायचा, आणि त्याच्या दुकानात बसून आम्ही रोजच्या गोष्टींवर वात्रटिका जुळवायचो. चार ओळी माझ्या, पाचवी त्याची, आणि लोक हसायचे ते पाचवीलाच. लकव्यानं त्याची वाचा गेल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा तापलेल्या पत्र्याखाली त्याची बायको त्याच्या हाताला तेल चोळत होती. मी म्हटलं, “आयक. मुकुटबनची एसटी आली, धक्के मारून सुरू झाली. कंडक्टर म्हणे, बसा दाटून, म्हातारी म्हणे, जागा कोठून...” त्याचे डोळे चमकले. ओळ सुचली होती त्याला. ओठ वाकडे हलले, मानेची शीर फुगली, पण नुसती घरघर बाहेर पडली. शेवटी मीच म्हटलं, “तुह्या मांडीवर बसू, का खाली?” त्यानं धड असलेला हात जोरजोरात हलवला. ही नाही, दुसरी. वहिनी म्हणाल्या, “भाऊ, राहू द्या. यायले लय तरास होऊन राह्यला.” त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. पुढे तो गेला, आणि त्याला कोणती ओळ सुचली होती हे मी अजून शोधतो आहे. सापडली तरी तीच होती हे सांगणारं आता कुणी नाही.