फुगा दाबणारा फोटोवाला

सत्तरच्या दशकात मी नोकरीसाठी हिंगोलीत आलो, तेव्हा गावात ओळखीचं कुणी नव्हतं. आईला पाठवायला फोटो हवा, म्हणून स्टेशनजवळच्या फोटोवाल्याकडे गेलो. त्याच्या वडिलांच्या जुन्या कॅमेऱ्याला त्यानं लांब रबरी नळी आणि सायकलच्या भोंग्याचा फुगा जोडला होता; तो दाबला की लांबूनच फोटो निघायचा. फुगा मुठीत लपवून तो माझ्याशेजारी उभा राहिला.

"तुम्ही कशाला?" मी विचारलं.

"एकट्याचा फोटो पाहून घरचे झुरतात, साहेब. बाप गेल्यापासून मला बी कोणी न्हाई. म्हणून हे बसवलं."

माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यानं फुगा दाबला.

सुट्टीत घरी गेलो, तेव्हा आईनं फोटो दाखवत विचारलं, "हा कोण रे?"

"मित्र."

तिनं नाव विचारलं, तेव्हा मला सांगता येईना.